विचारा, सांगतो

रत्नागिरीच्या एसटी स्टँडबाहेर सुरंगीचे वळेसर विकायला आले की समजावं, शिमगा आला. त्या वासानं आमच्या शाळेतल्या बायका खुलतात, दोन वळेसर घेतात, एक केसात माळतात आणि एक टेबलावर ठेवतात. मला मात्र त्या वासानं मत्सर होतो. लोकांना ऋतू बदलला की सर्दी होते, माझं हे असं. डोंगरउतारावर शेतं भाजतात त्या भाजावळीचा धूर उठतो, कलमांना सुपारीएवढ्या कैऱ्या लागलेल्या असतात, बाजारात ओले काजूगर येतात, संध्याकाळी कुठल्यातरी वाडीत ढोलाची तालीम सुरू होते, आणि मी स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिका तपासता तपासता एका काळ्या टी-शर्टावर जळत बसतो.

टी-शर्ट माझा नव्हे, सुधीरचा. सुधीर माझा चुलतभाऊ, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान, मुंबईला औषधांच्या कंपनीत नोकरीला. काही वर्षांपूर्वी शिमग्याला तो गावी आला तेव्हा मी त्याला घ्यायला रत्नागिरी स्टेशनवर गेलो होतो. गाडीतून चाकरमान्यांचा लोंढा उतरला, पिशव्या, पोरं, खाऊचे डबे, आणि त्यातून हे महाराज. काळा टी-शर्ट, छातीवर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत छापलेलं, ‘मी नास्तिक आहे.’ त्याखाली जरा बारीक अक्षरांत, ‘विचारा, सांगतो.’

मी आधी इकडंतिकडं बघितलं. कुणी ओळखीचं नाही ना! मग त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि ती त्याच्या छातीपुढं धरता येईल का ते पाहिलं. तो म्हणाला, "दादा, पिशवी जड आहे, दे इकडे." पिशवी गेली आणि छाती उघडी पडली. रिक्षावाल्यानं आरशात वाचलं. मारुती मंदिरापाशी म्हणाला, "साहेब, हा शर्ट मिळतो कुठं? माझ्या मेव्हण्याला पाहिजे. तो घरात बोलतो, बाहेर बोलायला टरकतो." मी खिडकी नसलेल्या रिक्षात खिडकीतून बघावं तसं बाहेर बघत बसलो.

आता सांगून टाकतो. टरकणारा तो मेव्हणा म्हणजे मीच म्हणा ना. देव नाही, हे मला कॉलेजच्या पहिल्या वर्षी समजलं. कुणी पुस्तक दिलं नाही की भाषण ऐकलं नाही. एका दुपारी गणिताचा पेपर देऊन मांडवीच्या धक्क्यावर बसलो होतो, पास कर म्हणून देवाला हात जोडायला गेलो आणि लक्षात आलं, समोर कुणीच नाही. इतकं साधं. घाबरलो नाही, रडलो नाही. शेंगदाणे खाल्ले आणि खोलीवर गेलो. त्यानंतर हा नास्तिकपणा मी बनियनसारखा आतून घातला. वरून कायम पांढरा सदरा. विज्ञान शिकवतो, ग्रहणाच्या दिवशी पोरांना पटांगणात नेऊन ग्रहण दाखवतो, आणि घरी येऊन आंघोळ करतो, कारण घरचे करतात. एकदाच बायकोला सांगितलं होतं. सुमन पोळ्या लाटत होती. म्हणाली, "बरं. पण उद्या सत्यनारायणाला केळीचे खांब आणायला विसरू नका." मी विसरलो नाही.

तर त्या दिवशी सुधीरला घेऊन मासळी बाजारात गेलो. तिथं एक मावशी बसते, तिच्याकडून मी वर्षानुवर्षं मासे घेतो. तिला वाचता येत नाही. तिनं कोयती रोखून विचारलं, "छातीवर काय लिवलंय रं?" यानं वाचून दाखवलं, शाळेत कविता म्हणावी तसं, न लाजता. मावशी म्हणाली, "देव नाय, मंग बांगडे कोनी केले?"

"बांगड्यांनीच केले, मावशी."

अहो, ती बाई अशी हसली, की शेजारच्या टोपल्यांवरच्या माशा उडाल्या. आणि हसता हसता तिनं त्याच्या पिशवीत वरचा एक बांगडा टाकला. फुकट! एवढ्या वर्षांत तिनं मला कधी कोळंबीचं शेपूट जास्त दिलेलं नाही. मी सरळ, सज्जन, नमस्कार करणारा, भाव न करणारा मास्तर. आणि हा छातीवर देव नाही लिहून येतो, तर त्याला बांगडा. तिथं पहिल्यांदा पोटात दुखलं. बांगड्यासाठी नव्हे हो. मला वाटलं, हे वाक्य तर माझं आहे. माझ्या छातीत ते याच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि त्यावर हसू, बांगडे, माणसं गोळा करतोय हा.

गावात शिरताना मला खात्री होती की आता होतंय रामायण. आमचं गाव आत आहे, कातळ चढून उतरलं की. शिमग्यात तिथं देवीची रुपी, म्हणजे चांदीचे मुखवटे, पालखीत लागतात, पालखी गावच्या चौथऱ्यावर, सहाणेवर बसते, घरोघर जाते, आणि चाकरमानी त्यासाठी रजा टाकून येतात. अशा गावात हा काळा सदरा! मी मनातल्या मनात गावकऱ्यांची बाजू, सुधीरची बाजू, मध्यस्थाची बाजू, सगळी भाषणं तयार करून ठेवली होती. एकही लागलं नाही. भागीआत्या, म्हणजे आबांची बहीण, दारातच भेटली. माझ्याकडून वाचून घेतलं आणि सुधीरला म्हणाली, "मेल्या, देव मानत नायस, पुरणपोळी तरी खातस ना?"

"दोन खातो, आत्या."

"मंग काय हरकत नाय."

झालं. एवढंच. माझ्या तीस वर्षांच्या भीतीचा निकाल दोन पुरणपोळ्यांत लागला. गुरवानं त्याला तीर्थ दिलं, तो नको म्हणाला, गुरव म्हणाला खोबरं तरी घे, त्यानं घेतलं. पोरं, म्हातारे, चाकरमानी, सगळे त्याच्याभोवती. विचारा, सांगतो! विचारत होते आणि तो सांगत होता. मला गावात कुणी काही विचारत नाही. मास्तर, दहावीचा निकाल कधी, एवढंच.

आणि आबा. आबा म्हणजे माझे वडील, गावचे जुने मानकरी. आबा माझ्याशी बोलतात ते असं : वीजबिल भरलंस? फवारणी झाली? मोटार दुरुस्त केलीस? मी हो म्हणतो, आमचा संवाद संपतो. त्या शिमग्यात आबा रोज संध्याकाळी ओटीवर सुधीरला समोर बसवून भांडायचे. "देव नाय, तर मंग मानसानं भ्यायचं कुनाला?"

"स्वतःला भ्यायचं, आबा. दुसरं कोण आहे?"

"आनि मेल्यावर?"

"मेल्यावर तुम्ही कलमांना खत. चांगला हापूस येईल, जरा तिखट असेल."

आबा हसायचे. दात नसलेल्या तोंडानं, मांडीवर थाप मारून. मी आत पाण्याचा हंडा भरता भरता ऐकायचो. माझे वडील असे हसतात हे मला माहीतच नव्हतं. प्रश्न त्यांच्याकडं होते, उत्तरं माझ्याकडं होती, आणि मधल्या मध्ये बोलत होता तो तिसराच. सणाला गावी आलेल्या सुमननं एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "हंडा कधीचा वाहतोय." खरंच वाहत होता.

पण हे सगळं मी गिळलं असतं. खांद्याचं नाही गिळता आलं.

बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. आमच्याकडं शिमग्यात खूण काढतात. गावकर, म्हणजे गावचा मुख्य मानकरी, एक नारळ कुठंतरी शेतात पुरतो. कुठं, ते त्यालाच ठाऊक. मग पालखी खांद्यावर घेऊन भोई सुटतात. ढोल वाजत असतो, पालखी इकडं धावते, तिकडं वळते, बांधावरून उडी घेते, परत फिरते, आणि शेवटी एका जागी दांडा जमिनीला टेकते. तिथं खणलं की नारळ. देवी ओढून नेते असं म्हणतात. पुढचा खांदा आमच्या घराचा. आजोबांचा होता, मग आबांचा, आबांचे गुडघे गेल्यावर माझा. कितीतरी शिमगे मी तो दांडा वाहिला. आणि खरं सांगतो, प्रत्येक वेळी वाट बघितली. मानत नव्हतो तरी वाट बघितली, की आता काहीतरी ओढेल. कधीच काही ओढलं नाही. सगळे धावायचे म्हणून मी धावायचो.

सुधीर आला त्याच्या आदल्या वर्षी खालच्या वाडीतल्या कुणीतरी खूण काढतानाचा व्हिडिओ मोबाइलवर घेतला होता. तो हळूहळू चालवून गावाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, बघा, मास्तरच ढकलतोय. व्हिडिओत माझा खांदा पुढं दिसत होता, हे खरं. पण पुढच्या माणसाचा खांदा पुढं नाही दिसणार तर कुणाचा? वर्षभर कुजबुज होती. मास्तरांची भक्ती जास्त, भक्तीच्या भरात ढकलतात, नारळाची जागा आधी काढून घेतात. माझी भक्ती जास्त! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आबांनी मला एका शब्दानं विचारलं नव्हतं, पण त्यांना ते लागलं होतं. घराच्या खांद्यावर बोट उठलं होतं.

खुणेच्या दिवशी सहाणेवर गाव जमलं. गाऱ्हाणं झालं, व्हय महाराजा झालं, आणि आबा काठी टेकत उठले. म्हणाले, "यंदा पुढं सुध्या ऱ्हाईल."

गुरव म्हणाला, "आबा, तो मानत नाय."

"म्हनूनच. मानतो तो ढकलतो. ह्यो मानीतच नाय, ह्यो कशाला ढकलील? ह्येचा खांदा खरा."

खालच्या वाडीचे माना डोलवायला लागले. बिनतोड होतं ना! कुणीतरी म्हणालं, निदान पांढरा सदरा तरी घाल रे. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. देवीला वाचता येत आसंल तर वाचील."

मी आबांच्या शेजारीच उभा होतो. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. आबा, मीही मानत नाही. बस. त्या एका वाक्यानं माझ्यावरचा ढकलण्याचा आळ पुसला असता, खांदा घरातल्या थोरल्याकडं राहिला असता, आणि आबांनी माझ्याकडं एकदा तरी सुधीरकडं बघतात तसं बघितलं असतं. मी तोंड उघडलं. आणि सुधीरनं त्याचं घड्याळ आणि मोबाइल माझ्या हातात दिला, "दादा, जरा सांभाळ." मी सांभाळला.

दुपार तापली होती. भाताच्या कापणीनंतरचे कोरडे, भेगाळलेले कोपरे, म्हणजे आमची खाचरं, लाल धूळ, गुलाल, घामाचा आणि सुरंगीचा वास एकत्र. सुधीरनं खांद्यावर टॉवेलाची घडी ठेवली, दांडा घेतला. अनवाणी. ढोल सुरू झाला. मी कातळाच्या कडेला उभा राहून मनापासून इच्छा करत होतो, की याला काही सापडू नये. कुणाकडं इच्छा करत होतो कोण जाणे. पालखी आधी पाणंदीकडं गेली, परत आली. फणसाला वळसा घातला. मग एकदम तिनं जी तिरकी धाव घेतली! सुधीर धडपडला, त्याचे पाय मागं राहिले आणि खांदा पुढं गेला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. बांध ओलांडला, तिसऱ्या कोपऱ्यात दांडा टेकला. पहारीच्या दुसऱ्याच घावाला नारळ.

"देवीनं नास्तिकालाच न्येलं!" भागीआत्या ओरडली. मग काय विचारता. बायका त्याच्या अंगावर गुलाल टाकत होत्या, खालची वाडी त्याला खांद्यावर घेत होती, आणि ती पांढरी अक्षरं गुलालात लाल झाली होती. भाविक खूश, कारण देवीनं न मानणाऱ्याला ओढून नेलं. संशय घेणारे खूश, कारण खूण खरी निघाली. आबा तर काठी विसरून चार पावलं चालले. तो एकटा सगळ्यांचा झाला होता, देवीचा पण आणि नास्तिकांचा पण. मी हातात त्याचं घड्याळ घेऊन उभा होतो.

संध्याकाळी बांधावर तो खोबरं खात बसला होता. मी विचारलं, "खरं सांग. ओढलं का काही?"

"ओढलं ना."

"कुणी?"

"माहीत नाही, दादा. चौघं जण होतो, कुणाचा तरी धक्का लागला असेल. नसेलही. पण मला माहीत नाही म्हणजे लगेच देवी, असं थोडंच आहे?" आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्यापुढं केला. "तुला कसं वाटायचं रे? इतकी वर्षं धरलायस."

"तसंच," मी म्हणालो.

धडधडीत खोटं. तिथं माझा मत्सर पुरा झाला. मोकळेपणानं नाही म्हणायचं सुख त्याला मिळालं. आणि मला इतक्या वर्षांत जे एकदाही मिळालं नाही, तो झटका, तोही त्याला मिळाला. आणि त्याला त्याचं काही नव्हतं! पोळी खाऊन गाढ झोपला. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं ते माझ्या.

जाताना तो टी-शर्ट रत्नागिरीत आमच्याच दोरीवर विसरून गेला. सुमननं दोनदा धुतला, गुलालाची फिकट झाक गेली नाही. फोन केला तर म्हणाला, राहू दे दादा, दुसरा आणतो. राहिला. आमच्या कपाटात, माझ्या पांढऱ्या सदऱ्यांच्या खाली. खांदा त्यानंतर त्याच्याकडंच राहिला. दर शिमग्याला तो येतो, कधी काळा टी-शर्ट असतो, कधी साधा चौकड्यांचा, त्याला त्याचं अप्रूप राहिलेलं नाही. मी दर शिमग्याला त्याचं घड्याळ सांभाळतो.

यंदा सुधीरच्या मुलीची दहावी आहे. तो येणार नाही असा फोन आला त्या दिवशी स्टँडवर सुरंगी आली होती. मी घरी आलो, कपाट उघडलं आणि टी-शर्ट काढला. घातला. सुमन दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता विचारेल. म्हणाली, "पोट दिसतंय." आणि मग जरा थांबून, "घाला. तुमचंच आहे ते." काय तुमचं, ते ती बोलली नाही.

एसटीत बसलो. छाती पुढं काढून बसलो, आयुष्यात पहिल्यांदा. कंडक्टरनं वाचलं, तिकीट दिलं, पुढं गेला. शेजारचा गृहस्थ खिडकीला डोकं टेकून झोपला. गावच्या थांब्यावर उतरलो तर वाण्याच्या दुकानातून हाक आली, "मास्तर, सुधीर आला काय?" नाही म्हटलं. "नाय? मंग शर्ट?" पुढं गुरव भेटला. म्हणाला, "सुधीर नाय तर त्याचा शर्ट तरी आला. बरं वाटलं." भागीआत्यानं आता वाचून घ्यायची तसदीही घेतली नाही. "सुध्याचा सदरा रं ह्यो. तुजे धुवायला टाकले काय सुमननं? घट्ट होतोय तुला." आणि गुळाचा खडा हातावर ठेवून आत गेली.

मी रस्त्यात उभा राहिलो. राग आला. अरे, वाचा की! माझ्या छातीवर लिहिलंय, माझ्या! बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनं विकत नाही म्हणतात, पण आता तर मी ओरडतोय, तरी माल सुधीरचाच. मी सांगायला तयार होतो. विचारणारं कुणी नव्हतं.

आबा ओटीवर खुर्चीत होते. आता त्यांना कमी दिसतं. मी समोर जाऊन उभा राहिलो, तर त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. म्हटलं आता वीजबिल. आबांनी बोट पुढं केलं आणि माझ्या छातीवरून एकेक अक्षर लावत वाचलं. पहिली ओळ, मग खालची. बोट ‘सांगतो’वर थांबलं. खालच्या वाडीत ढोल वाजत होता.

"कवापासून?" आबा म्हणाले.

सुधीरचं नाव नाही घेतलं. मी पायरीवर बसलो. "कॉलेजात होतो तेव्हापासून, आबा."

आबांनी अंगणातल्या कलमाकडं बघितलं. रागावले नाहीत. हसलेही नाहीत.

"मंग त्या साली बोल्ला का नायस?" ते म्हणाले. "मला न माननारा एक खांदा हवा व्हता. घरातच व्हता तर मी पुतन्याला कशाला दिला असता?"

छातीवर लिहिलेलं होतं, विचारा, सांगतो. आबांनी विचारलं. मला सांगता आलं नाही.